‘हँग झाला’ एवढ्यावर भागणार नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च-एप्रिल आला की गोव्यातल्या महाविद्यालयांत, पॉलिटेक्निकमध्ये आणि उच्च माध्यमिकच्या संगणक वर्गांत प्रोजेक्टची धांदल सुरू होते. वाचनालयाची नोंदवही, सोसायटीचे हप्ते, दवाखान्यातले नंबर, किराणा दुकानाचे बिल असे विषय ठरलेले, आणि तक्रारीही ठरलेल्या. ‘बटण दाबलं की हँग होतं.’ ‘विंडो कोरीच येते.’ ‘फोटो दिसत नाही.’ ‘सरांच्या मशीनवर चालतं, माझ्याकडे नाही.’ मग मशीन रीस्टार्ट होते, कोणी रॅम वाढवायला सांगतो, नाहीतर शेजाऱ्याचा कोड जसाच्या तसा उचलला जातो. यातल्या बहुतेक तक्रारींना मशीन जबाबदार नसते. विंडो चालते कशी, हेच मुलांना कोणी सांगितलेले नसते. बटण ओढून फॉर्मवर कसे ठेवायचे ते पहिल्या तासाला दाखवले जाते. इव्हेंट लूपचे नाव कित्येकदा वर्ष संपेपर्यंत निघत नाही. हा क्रम बदलावा, यासाठी हे पत्र. दोष कसा शोधावा तेही सविस्तर लिहितो आहोत, म्हणजे मुलांना आणि मार्गदर्शकांना आत्ताच उपयोग होईल.

विंडो उघडली की प्रोग्राम एका जागी वाट पाहत बसतो; हाच इव्हेंट लूप. टीकिंटरमध्ये (पायथनचे विंडो बनवायचे साधन) ती जागा म्हणजे मेनलूप, स्विंगमध्ये (जावाचे तसेच साधन) इव्हेंट डिस्पॅच थ्रेड, विंडोज फॉर्म्समध्ये (सी शार्पचे) ॲप्लिकेशन.रन. माउस हलला, कळ दाबली, वरची दुसरी विंडो सरकली म्हणून हा भाग पुन्हा रंगवायचा आहे, असे सगळे निरोप एका रांगेत लागतात आणि एकच थ्रेड (प्रोग्राममधला काम करणारा एक धागा) ते एकेक करून निकालात काढतो. संध्याकाळी रोस ऑम्लेटच्या गाड्यावर एकटाच माणूस असतो, तसेच हे. ऑर्डर तोच घेतो, तवा तोच सांभाळतो, पैसेही तोच मोजतो, तरी रांग सरकते, कारण प्रत्येक काम चुटकीसरशी होते. तो मधेच मसाला वाटायला घरी गेला तर रांग जागच्या जागी खोळंबते. बटणाच्या फंक्शनमध्ये दहा सेकंदांचे काम लिहिणे म्हणजे त्याला घरी पाठवणे. एखाद्या विंडोने पाच सेकंद एकही निरोप उचलला नाही, की विंडोज तिच्या शीर्षकपट्टीवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ लिहून तिला फिकट करते. प्रोग्राम मेलेला नसतो, तो दुसरीकडे गुंतलेला असतो. कुठे गुंतलाय, एवढेच शोधायचे.

त्यासाठी पहिला नियम: अडकलेली विंडो लगेच बंद करू नये. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये आपल्या प्रोग्रामचा सीपीयूचा आकडा पाहावा. चार लॉजिकल प्रोसेसरच्या मशीनवर तो २५ च्या जवळ, आठच्या मशीनवर १२-१३ च्या जवळ खिळून राहिला असेल, तर एक थ्रेड पूर्ण ताकदीने फिरतो आहे. न संपणारा लूप असेल किंवा जड हिशेब. आकडा शून्य असेल तर प्रोग्राम कशाची तरी वाट पाहतो आहे: नेटवर्क, लॉक झालेला डेटाबेस, टाइम.स्लीपची विश्रांती, नाहीतर दुसरा थ्रेड संपेपर्यंत थांबवणारा जॉइन. तिसरी शक्यता फसवी आहे. विंडो क्लिक घेत नाही, पण ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ही येत नाही. तेव्हा मेसेज बॉक्स मुख्य विंडोच्या मागे दडलेला असतो. ऑल्ट-टॅब दाबून तो सापडतो. पुन्हा तसे होऊ नये म्हणून मेसेज बॉक्स उघडताना त्याला पेरंट म्हणून मुख्य विंडो द्यावी. स्विंगमध्ये तिथे नल (म्हणजे काहीच नाही) दिलेले सर्रास आढळते.

आकड्यावरून जात कळली, आता नेमकी ओळ हवी. जावात कमांड प्रॉम्प्टवर जेपीएस चालवून प्रोसेसचा नंबर घ्यावा, मग जेस्टॅक आणि तो नंबर. बरेच थ्रेड छापून येतात. त्यांत ‘एडब्ल्यूटी-इव्हेंटक्यू-०’ या नावाखाली वरून खाली येताना आपल्या स्वतःच्या क्लासची पहिली ओळ जिथे दिसेल तिथेच गाठ आहे. पायथनमध्ये फाइलच्या सुरुवातीला फॉल्टहँडलर आयात करून डंप_ट्रेसबॅक_लेटर ला ८ सेकंद आणि रिपीट ट्रू द्यावे. मग दर आठ सेकंदांनी सगळे थ्रेड कुठे आहेत ते टर्मिनलवर छापले जाते. विंडो निवांत असेल तर सगळ्यात वर मेनलूपची ओळ असते. आपल्याच फंक्शनची तीच ओळ दोन-तीनदा आली तर चोर सापडला. हे टर्मिनलवरून चालवावे, पायथनडब्ल्यूने चालवल्यास छापायला जागाच नसते. व्हिज्युअल स्टुडिओत ब्रेक ऑल दाबून थ्रेड्स विंडोत मेन थ्रेडवर दोनदा क्लिक केले की कॉल स्टॅक, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले ती उतरंड, समोर येतो. एवढे करायला पाच मिनिटे पुरतात. या पाच मिनिटांऐवजी मुले तीन-तीन दिवस अंदाजाने ओळी खोडत बसतात, याचे फार वाईट वाटते.

जागा कळल्यावर इलाज दोनच प्रकारचे. काम छोटे पण पुन्हा पुन्हा करायचे असेल तर टायमर: टीकिंटरमध्ये स्लीपऐवजी रूट.आफ्टर (ठरल्या वेळाने फंक्शन बोलावणारे), स्विंगमध्ये स्विंगचाच टायमर. दहा हजार ओळी ट्रीव्ह्यूमध्ये (यादीच्या तक्त्यात) भरायच्या असतील तर दोनशेचा घास भरून आफ्टरने पुढचा घास बोलवावा, म्हणजे मध्ये मध्ये रांगेतले निरोप उचलले जातात. इथे एक चूक हटकून होते. ‘सुरू’ बटण दुसऱ्यांदा दाबले की आफ्टरची दुसरी साखळी चालू होते आणि घड्याळ दुप्पट वेगाने पळू लागते. आफ्टरने परत दिलेला नंबर जपून ठेवावा आणि नवी साखळी सुरू करण्याआधी आफ्टर_कॅन्सल करावे.

काम खरोखरच मोठे असेल तर वेगळा थ्रेड. मात्र त्या थ्रेडने विंडोतल्या कशालाही हात लावायचा नाही, लेबललाही नाही. मसाला वाटणाऱ्याने वाटण गाड्यावर आणून द्यावे, गिऱ्हाइकाच्या बशीत वाढू नये. टीकिंटरमध्ये थ्रेडने निकाल क्यूमध्ये (दोघांमधल्या रांगेत) टाकावा आणि मुख्य बाजूने दर १०० मिलिसेकंदांनी आफ्टरमधून गेट_नोवेटने तो उचलावा. हे न पाळल्यास कधी ‘मेन थ्रेड इज नॉट इन मेन लूप’ असा एरर येतो, कधी काहीच होत नाही आणि कधी प्रोग्राम गपकन बंद पडतो. रोज वेगळे लक्षण दिसले की थ्रेडवरच संशय घ्यावा. स्विंगमध्ये यासाठी जावा ६ पासून स्विंगवर्कर आहे. जड काम डू-इन-बॅकग्राउंडमध्ये, लेबल बदलणे डनमध्ये. पण डनमध्ये गेट बोलावायलाच हवे, कारण आतल्या कामात आलेला एक्सेप्शन गेटशिवाय वर येत नाही, तो मुकाट गिळला जातो. ‘एररही नाही आणि डेटाही नाही’ या तक्रारीचे उत्तर बहुधा इथेच मिळते.

विंडोज फॉर्म्समध्ये परक्या थ्रेडने कंट्रोलला हात लावला की डीबगरखाली (दोष शोधायच्या साधनाखाली) ‘क्रॉस-थ्रेड ऑपरेशन नॉट व्हॅलिड’ येते. मग चेकफॉरइल्लीगलक्रॉसथ्रेडकॉल्स फॉल्स करून ते गप्प करण्याचा सल्ला वर्गावर्गांतून फिरतो. तो घेऊ नये. ही तपासणी मुळात डीबगर जोडलेला असतानाच चालू असते. ती बंद केल्याने चूक जात नाही, फक्त दिसेनाशी होते. इन्व्होक वापरावे, म्हणजे ते काम मुख्य थ्रेडकडेच सोपवावे, किंवा त्याहून सोपे म्हणजे असिंक-अवेट (मुख्य थ्रेड न अडवता वाट पाहणे). अवेट लिहायचा कंटाळा करून त्याच टास्कवर (पाठीमागे चाललेल्या कामावर) .रिझल्ट मागितला तर मुख्य थ्रेड टास्कची वाट पाहतो आणि टास्क मुख्य थ्रेडची. सीपीयू शून्य, विंडो गोठलेली.

रूट.अपडेट आणि ॲप्लिकेशन.डूइव्हेंट्स यांची पळवाटही टाळावी. लूपमध्ये ती ओळ टाकली की विंडो हलू लागते, म्हणून ती आवडते. पण ती रांगेतले सगळेच निरोप उचलते, त्यात ‘जमा करा’चा दुसरा क्लिकही आला. पहिली पावती अर्धी झालेली असताना तेच फंक्शन आतून पुन्हा सुरू होते आणि खातेदाराचा एकच हप्ता दोनदा जमा दिसतो. थ्रेड वापरला तरी बटण आधी डिसेबल करावे आणि काम संपल्यावर, मग ते यशस्वी होवो वा न होवो, फायनलीमधून पुन्हा चालू करावे. थ्रेड वापरताना हे पुन्हा चालू करणेही मुख्य बाजूनेच करायचे.

कोऱ्या विंडोची कारणे साधी आहेत, ती भरभर सांगतो. स्विंगमध्ये बॉर्डरलेआउट असलेल्या फ्रेममध्ये जागा न सांगता दोन पॅनेल टाकली तर दोन्ही मध्यभागी जातात आणि शेवटचेच दिसते. सेटव्हिजिबल नंतर काही जोडले तर रीव्हॅलिडेट आणि रीपेंट करावे लागते. टीकिंटरमध्ये एकाच फ्रेममध्ये पॅक आणि ग्रिड या मांडणीच्या दोन पद्धती मिसळू नयेत. एंट्री बनवून त्याच ओळीत .ग्रिड केले तर व्हेरिएबलमध्ये नन जाते, आणि पुढे गेट बोलावताच ‘ननटाइप’चा एरर येतो, बनवणे आणि मांडणे दोन ओळींत लिहावे. बटणाच्या कमांडला फंक्शनचे नाव कंसाशिवाय द्यावे, कंस दिला की ते विंडो उघडतानाच चालते आणि बटण कायमचे मुके राहते. फंक्शनच्या आत फोटोइमेज बनवला की फंक्शन संपताच तो कचऱ्यात जातो आणि लेबलची जागा रिकामी दिसते, लेबल.इमेज मध्ये त्याचा संदर्भ ठेवला की फोटो टिकतो. लूपमध्ये बारा तालुक्यांची बारा बटणे केली आणि पेडणे दाबले काय, फोंडा दाबले काय, सगळीकडे ‘काणकोण’च येते, कारण बटणाला दिलेला लॅम्डा (नाव नसलेले छोटे फंक्शन) आतला चल दाबण्याच्या क्षणी वाचतो आणि तोवर लूप शेवटच्या नावावर पोचलेला असतो. लॅम्डाला टी=टी (टी म्हणजे लूपचा चल) असे देऊन त्या वेळची किंमत पकडून ठेवावी. आणि आपल्या फाइलचे नाव टीकिंटर ठेवू नये, पायथन मग तिलाच आयात करतो.

आता देवनागरी. आपल्याकडे हा विषय बाजूला ठेवून चालत नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्यानुसार इथे देवनागरीतली कोकणी राजभाषा आहे आणि मराठीलाही सरकारी कामकाजात वाव आहे. पंचायतीत, देवस्थानात, सोसायटीत नावे देवनागरीतच येणार. तरी प्रोजेक्टची चाचणी होते ती ‘एबीसी’ आणि ‘टेस्ट१’ टाकून.

‘कुंकळ्ळी’ हा शब्द घ्या. डोळ्यांना तीन अक्षरे: कुं, क, ळ्ळी. प्रोग्रामला विचाराल तर लांबी आठ, कारण क, उकार, अनुस्वार, क, ळ, हलन्त, ळ आणि वेलांटी हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत त्याचे २४ बाइट होतात. त्यामुळे अक्षरे मोजून रकान्याची रुंदी ठरवली तर ती चुकते, पहिली पाच अक्षरे कापून दाखवली तर शब्द मधेच तुटतो, आणि बाइटांत मापलेल्या २० च्या फील्डमध्ये हे गाव मावतच नाही. रुंदी फाँटलाच विचारावी: टीकिंटरमध्ये फाँटचे मेझर, स्विंगमध्ये फाँटमेट्रिक्सचे स्ट्रिंगविड्थ. उंचीचेही तसेच. इंग्रजीला पुरणाऱ्या २० पिक्सेलच्या ओळीत वरची मात्रा आणि रफार कापले जातात, खालचा उकार अर्धा जातो. टीटीके या टीकिंटरच्याच भागातल्या ट्रीव्ह्यूची ओळ मुळात २० पिक्सेलचीच असते. फाँटची लाइनस्पेस घेऊन त्यात पाच-सहा मिळवून रोहाइट ठरवावी.

त्याहून दडलेला दोष शोधण्याचा. ‘कऱ्हाडे’ आडनावातला तो चंद्रकोरीसारखा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ऱ ची स्वतंत्र कळ आहे, ऱ नंतर हलन्त. काही कळफलक मात्र साधा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर नावाचे न दिसणारे चिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, डेटाबेसला मात्र दोन वेगळी नावे. एका कारकुनाने भरलेला सभासद दुसऱ्याला सापडत नाही आणि त्याची दुसरी नोंद होते. साठवताना आणि शोधताना दोन्ही वेळा एकाच फंक्शनमधून मजकूर न्यावा: जॉइनरवाला र बदलून ऱ करावा, युनिकोडचे एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराच्या पर्यायी लेखनांना एकच रूप देणे) करावे, कडेच्या मोकळ्या जागा काढाव्यात. नॉर्मलायझेशन एकटे पुरत नाही, ते जॉइनर काढत नाही.

फाइलमध्ये लिहिताना पायथनमध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ स्पष्ट द्यावे, नाहीतर विंडोजवर ‘चारमॅप कोडेक’चा एरर येतो. तीच यादी एक्सेलमध्ये उघडायची असेल तर यूटीएफ-८-सिग (फाइलच्या सुरुवातीला ओळखचिन्ह घालणारे). जावाने १८ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, यूटीएफ-८ मूळ धरले आहे. लॅबमध्ये ८ किंवा ११ असेल तर चारसेट (अक्षरे साठवायची पद्धत) सांगावाच लागतो. रकमेच्या चौकटीत कोणी ‘१२५०’ देवनागरी आकड्यांत टाकले तर पायथनचा इंट आणि जावाचा पार्सइंट ते समजून घेतात, सी शार्पचा पार्स घेत नाही. लिनक्सवरच्या टीके ८.६ मध्ये जोडाक्षरे सुटी पडतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते. तो तुमच्या कोडचा दोष नाही, तिथे क्यूटी (विंडो बनवायचे दुसरे साधन) वापरावे. जुन्या नॉन-युनिकोड फाँटमधला मजकूर मात्र कशानेच आपोआप सुधारत नाही, तो आधी कन्व्हर्टरमधून काढावा लागतो.

‘सरांच्या मशीनवर चालतं’ यातले निम्मे स्केलिंगचे (पडद्यावरचे सगळे टक्क्यांनी मोठे करण्याचे) असते. १९२० बाय १०८० चा मॉनिटर १०० टक्क्यांवर असेल तर ८०० उंचीचा फॉर्म त्यात सहज बसतो. तेवढ्याच रिझोल्यूशनचा लॅपटॉप १५० टक्क्यांवर ठेवलेला असतो आणि तिथे प्रोग्रामच्या वाट्याला उरते १२८० बाय ७२०; टास्कबार वजा जाता उंची जेमतेम ६७०-६८०. ‘सेव्ह’ बटण पडद्याखाली गेलेले असते. म्हणून एक्स-वायचे आकडे देऊन मांडणी करू नये. ग्रिडमध्ये स्टिकी (कडांना चिकटण्यासाठी) द्यावे आणि कॉलमकॉन्फिगर-रोकॉन्फिगरने वेट (वाढीतला वाटा) द्यावे, तेही आतल्या फ्रेमपासून रूटपर्यंत प्रत्येक पायरीवर. एक पायरी सुटली तरी विंडो वाढते आणि आतले काही वाढत नाही. विंडोजवर टीकिंटरची अक्षरे पुसट दिसत असतील तर विंडो बनवण्याच्या आधी सीटाइप्समधून शकोरचे सेटप्रोसेसडीपीआयअवेअरनेस १ देऊन बोलवावे. नंतर बोलावले तर उपयोग होत नाही.

उरलेले निम्मे ईएक्सई बनवताना. पायथनचा प्रोग्राम ईएक्सई करणाऱ्या पायइन्स्टॉलरच्या वनफाइल (सगळे एकाच फाइलमध्ये) प्रकारात सगळे सामान दर वेळी तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडते आणि प्रोग्राम बंद होताच तो फोल्डर पुसला जातो. डेटाबेसची फाइल त्यात ठेवली तर दिवसभर भरलेल्या नोंदी दुसऱ्या दिवशी नाहीशा. चित्रे तिथून वाचावीत, डेटाबेस वापरकर्त्याच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये ठेवावा. कन्सोल काढून टाकला की एररही दिसेनासे होतात, म्हणून टीकिंटरचे रिपोर्ट_कॉलबॅक_एक्सेप्शन बदलून एरर लॉग फाइलमध्ये लिहावा आणि वापरकर्त्याला एक ओळ दाखवावी. स्विंगच्या फ्रेमला एक्झिट-ऑन-क्लोज दिले नाही तर फुली दाबल्यावर ती नुसती लपते. पाच वेळा उघडली तर टास्क मॅनेजरमध्ये पाच जावा दिसतात आणि डेटाबेस लॉक झाल्याची तक्रार सहाव्यांदा येते. आणि पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा प्रत्येक नोंदीनंतर कमिट (नोंद डेटाबेसमध्ये पक्की करणे) हवेच. साध्या फाइलमध्ये साठवत असाल तर आधी दुसऱ्या नावाने पूर्ण लिहून मग ओएस.रीप्लेसने नाव बदलावे, म्हणजे अर्धवट फाइल मागे राहत नाही.

मार्गदर्शक शिक्षकांना आमची विनंती आहे, प्रोजेक्टवर सही करण्याआधी पंधरा मिनिटे काढावीत. नावाच्या चौकटीत ‘कुंकळ्ळी’ आणि ‘कऱ्हाडे’ टाकून सेव्ह करावे, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडावा आणि दोन्ही नावे शोधावीत. ‘जमा करा’ चटचट तीनदा दाबावे. स्केलिंग १५० करून फॉर्मचे खालचे बटण दिसते का ते पाहावे. डेटाबेस दुसऱ्या प्रोग्रामने लॉक करून ठेवावा आणि विंडो हलवता येते का ते पाहावे. ईएक्सई पायथन नसलेल्या मशीनवर चालवावे. जर्नलमध्ये कोडच्या पानांइतकीच जागा दोषांना द्यावी: लक्षण काय, सीपीयूचा आकडा किती, स्टॅकमधली ओळ कोणती, कारण काय निघाले.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनाही हेच सांगणे. ‘लेआउट मॅनेजर म्हणजे काय ते लिहा’ या प्रश्नाचे उत्तर पाठ करता येते. त्याजागी दहा ओळींचा सदोष कोड छापावा आणि विचारावे: बटण दाबल्यावर विंडो कोणत्या ओळीत अडकते, तेव्हा सीपीयू शून्य दिसेल की नाही, आणि ती ओळ कुठे हलवायची.

आपले,
डेस्कटॉप प्रोग्राम लिहिणारे व शिकवणारे काहीजण
फोंडा, गोवा